रोज सव्वा कागद

चला, आधी एक अगदी सोपा हिशोब करू. एक खोली आहे. तिला दार नाही, खिडकी नाही. वर, छताजवळ, भिंतीत एक भोक आहे, तेवढंच. शिडी लावायची, हातातला जुना कागद त्या भोकातून आत सोडायचा आणि खाली उतरायचं. आपल्या जुन्या वाड्यातला आड आठवा. वरून टाकलेली वस्तू खाली जाते आणि अंधारात गडप होते, तसंच हे. रोज एक कागद. चार दिवसांतून एकदा एखादा जास्तीचा. म्हणजे सरासरी रोज सव्वा कागद. फाटकी पोथी, वाण्याची यादी, पोरानं गिरवलेली मुळाक्षरं, परगावी गेलेल्या भावाचं पत्र. सव्वा कागद म्हणजे काय हो? आपल्या घरात एका सकाळच्या वर्तमानपत्राबरोबर याहून जास्त कागद येतात!

आता हा सव्वा कागद ८५० वर्षं टाकत राहा.

किती झाले? चार लाखांच्या घरात!

आणि ही कल्पनेतली खोली नव्हे. जुन्या कैरोत, फुस्तात नावाच्या वस्तीत, बेन एझ्रा नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, सिनेगॉग. ते अकराव्या शतकात, १०४०च्या सुमारास, पुन्हा बांधून उभं राहिलं आणि त्याच्या बायकांच्या सज्जाच्या टोकाला ही आडासारखी खोली होती. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, जाळायचा नाही, अशी ज्यूंची रीत. आपल्याकडे जीर्ण पोथी केराच्या टोपलीत टाकवत नाही, नदीत विसर्जन करतात, तोच हा भाव. कागद म्हातारा झाला की आधी तो अशा खोलीत ठेवायचा आणि मग माणसासारखा पुरायचा. त्या ठेवण्याच्या जागेला म्हणतात गेनिझा. फुस्तातच्या लोकांनी मात्र नुसते पवित्र ग्रंथ टाकले नाहीत. हिब्रू लिपीत काहीही लिहिलेलं असो, टाक आत! आणि त्यांची रोजची भाषा अरबी असली तरी ते ती बहुधा हिब्रू अक्षरांतच लिहायचे. मग काय, पावत्या आत, करारमदार आत, प्रेमाची आणि भांडणाची पत्रं आत. पुरायला काढायचं मात्र राहून गेलं. वर इजिप्तची कोरडी हवा. कागद कुजलाच नाही.

८५० वर्षं म्हणजे किती, ते आपल्या मातीत मोजू. त्या खोलीत कागद पडायला लागले तेव्हा अंबरनाथचं शिवमंदिर बांधून व्हायचं होतं. त्याच्या शिलालेखावर साल येतं १०६०. ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून अडीचशे वर्षं होती. यादव आले आणि गेले, बहमनी आले आणि गेले, शिवराय झाले, पेशवाई झाली, इंग्रज आले, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली, आणि तरी त्या भोकातून कागद पडतच होते! ज्या १८९६ साली मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली, त्याच वर्षाच्या शेवटी एक माणूस त्या खोलीत उतरला आणि जगाला कळलं की आत काय आहे.

पण थांबा, आधी हे चार लाख डोळ्यांसमोर आणू. चार लाख हा आकडा तोंडाला सोपा आहे, म्हणूनच फसवा आहे.

एकेका तुकड्याला एकेक माणूस समजा. वानखेडे स्टेडियमवर साधारण ३३ हजार माणसं बसतात. एक वानखेडे भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. बारा वानखेडे खच्चून भरले तरी काही मंडळी बाहेर उभी! आता या सगळ्यांना लोकलनं घरी पाठवू. गर्दीच्या लोकलमध्ये ४ हजार माणसं धरा. शंभर लोकल लागतील. दर तीन मिनिटांनी एक सोडली तर सकाळी ६ ला पहिली सुटेल आणि शेवटची सुटायला ११ वाजतील. फलाटावर उभं राहून पाच तास नुसते कागद जाताना बघत राहायचे!

आता ते रुळांवर अंथरू. कुठला तुकडा तळहाताएवढा, कुठला वहीच्या पानाएवढा. आपण प्रत्येकाची लांबी एक वीत, म्हणजे २० सेंटिमीटर धरू. सीएसएमटीपासून एकापुढे एक ठेवत निघालो. दादर गेलं, ठाणे गेलं, कल्याण गेलं, बदलापूरही गेलं, वांगणी मागे पडली आणि नेरळच्या अलीकडे, ८० किलोमीटरवर, शेवटचा तुकडा ठेवला. एवढंच? एवढंच नाही! कागद काय लांबीसाठी असतो? कागद असतो लिहिलेल्या ओळींसाठी. एका तुकड्याच्या एका बाजूवर वीस ओळी धरा, एक ओळ १२ सेंटिमीटरची. त्या ओळी सुट्या करून एकापुढे एक जोडल्या तर एका तुकड्यातून २.४ मीटर ओळ निघते. चार लाखांतून ९६० किलोमीटर. मुंबई ते पुणे रेल्वेनं १९२ किलोमीटर. पाचानं गुणून बघा. बरोब्बर ९६०! आणि कागद महाग होता, लोक तो पाठपोट लिहायचे. सगळे तुकडे दोन्ही बाजूंनी लिहिलेले धरले, तर शाईची ती एक बारीक रेघ मुंबईहून पुण्याला दहा वेळा पोचते. हातानं काढलेली रेघ, बोरूनं, तेलाच्या दिव्याच्या उजेडात.

वजन? आज आपण वापरतो त्या ए-फोर कागदाचं एक पान ५ ग्रॅमचं. तेच धरलं तर चार लाख तुकडे म्हणजे २ टन. रद्दीवाल्याला किलोला १५ रुपयांनी घातले तर ३० हजार रुपये हातात येतील. आणि खरी किंमत? २०१३ साली केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोन विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून याच खोलीतून गेलेले सुमारे १,७०० तुकडे विकत घेतले. किंमत मोजली १२ लाख पौंड. पौंडाला ९० रुपये धरा: १० कोटी ८० लाख. तुकड्यामागे ६३ हजार रुपयांवर! याच भावानं चार लाख तुकड्यांची किंमत काढू या. अडीच हजार कोटींच्या वर! एकाच ढिगाचे हे दोन भाव. रद्दीच्या काट्यावर ३० हजार, आणि जाणकाराच्या हातात २,५०० कोटी. मध्ये फरक फक्त वाचता येण्याचा.

तो वाचता येणारा माणूस म्हणजे सॉलोमन शेख्टर. केंब्रिजमधला ज्यू धर्मग्रंथांचा अभ्यासक. पण त्याच्याही आधी दोन बहिणी आल्या, जुळ्या, स्कॉटलंडच्या. अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन. दोघी विधवा, दोघींना प्राचीन भाषांचं वेड, दोघी पूर्वेकडे फिरून हस्तलिखितं शोधायच्या. १८९६ च्या वसंतात त्यांनी काही जुनी पानं विकत आणली आणि मे महिन्यात शेख्टरना दाखवली. त्यातलं एक मळकं पान बघून शेख्टरांचा जीव वरखाली झाला. ते होतं बेन सिराच्या ग्रंथाचं मूळ हिब्रू पान! या ग्रंथाची ग्रीक आणि सिरियाक भाषांतरं जगाला ठाऊक होती. मूळ हिब्रू मात्र नाहीसं झालं होतं, जवळजवळ हजार वर्षं कुणा अभ्यासकाच्या दृष्टीला पडलं नव्हतं. हजार वर्षं हरवलेलं पुस्तक आणि त्याचं एक पान दोन बहिणींच्या पिशवीत!

शेख्टर डिसेंबरात कैरोला पोचले. पैशाची तजवीज केली सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर यांनी, परवानगी दिली कैरोच्या मुख्य रब्बींनी. शिडी लावून शेख्टर त्या भोकातून आत गेले आणि आठशे वर्षांची धूळ नाकातोंडात घेत आठवड्यांमागून आठवडे कागद निवडत बसले. केंब्रिजला पेट्या आल्या. त्यांतून निघालेले तुकडे आज मोजले जातात १ लाख ९३ हजार. एका माणसानं एका हिवाळ्यात बाहेर काढलेले! त्या ग्रंथालयात काढलेलं त्यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. लांबलचक टेबलांवर कागदांचे ढिगारे, जमिनीवर पेट्या, आणि मधोमध कपाळाला हात लावून बसलेले शेख्टर. तो हात कपाळाला का गेला असेल, हे आता जरा आकड्यांत पाहू.

एका तुकड्याला एक तास द्या. अक्षर फिकट, कागद फाटलेला, भाषा अरबी आणि लिपी हिब्रू. तास म्हणजे फार उदार हिशोब नव्हे. दिवसाचे आठ तास, वर्षाचे ३०० दिवस. वर्षाला २,४०० तुकडे झाले. चार लाखांना लागतील १६७ वर्षं! १८९७ साली बसलेला माणूस उठेल २०६४ साली. आणि एवढं करून त्यानं प्रत्येक तुकडा फक्त एकदा वाचलेला असेल.

शिवाय तुकडे एका जागी नाहीतच. शेख्टरांच्या आधीही लोक त्या खोलीतून कागद नेत होते, नंतरही नेले. न्यूयॉर्कच्या ज्यू थिऑलॉजिकल सेमिनरीत हजारो, ऑक्सफर्डला हजारो, मँचेस्टरला, सेंट पीटर्सबर्गला, आणखी कुठे कुठे. साठांवर ग्रंथालयं आणि संग्रह! ज्ञानेश्वरीची एकच पोथी फाटली आणि तिची पानं महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात, आणि वर आणखी वीस-पंचवीस ठिकाणी वाटली गेली, असं समजा. आता ती ओळीनं वाचून दाखवा.

हे असलं काम अंगावर घेणाऱ्यांना मोजण्याची सवय मात्र फार जुनी आहे. तोरा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं, हातानं लिहिताना अक्षरं मोजलेली असतात: ३,०४,८०५. त्यातलं एक अक्षर गळलं तरी ती गुंडाळी दुरुस्त केल्याशिवाय प्रार्थनेत वाचता येत नाही. सेकंदाला एक अक्षर या वेगानं नुसतं बोट फिरवत गेलं तरी साडेतीन दिवस आणि साडेतीन रात्री लागतील. लेखनिकाला हिब्रूत सोफेर म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी मोजणंही आहे. तालमूद, म्हणजे ज्यूंचा धर्मकायद्याचा आणि त्यावरच्या चर्चेचा ग्रंथ, त्याचं तर विचारूच नका. रोज एक पान, दोन्ही बाजू, असं जगभरचे हजारो लोक एकाच दिवशी एकच पान वाचतात. पानं २,७११. मूल जन्मलं त्या दिवशी सुरू केलं तर ते दुसरीत जाईल तेव्हा वाचन संपतं. आणि संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून! १९२३ पासून हे चालू आहे. २०२० च्या १ जानेवारीला अशा एका फेरीच्या समाप्तीला न्यूयॉर्कजवळच्या एकाच स्टेडियमवर ९० हजारांवर माणसं जमली होती. जवळजवळ तीन वानखेडे, एक पुस्तक वाचून झालं म्हणून!

असो, खोलीकडे परत येऊ, कारण माझा जीव तिथेच अडकला आहे.

चार लाखांपैकी बहुतेक तुकडे ग्रंथांचे आहेत, प्रार्थनांचे आहेत. साधारण दहात एक मात्र रोजच्या जगण्याचा कागद आहे. पत्रं, हिशोब, करार, याद्या. दहात एक म्हणजे थोडं वाटतं, पण चार लाखांचा दहावा हिस्सा ४० हजार होतो! मध्ययुगातल्या साध्या माणसांचे ४० हजार कागद. श्लोमो गोइताइन नावाच्या विद्वानानं या ४० हजारांतून एक अख्खा समाज उभा केला. घरं, लग्नं, कर्ज, कपडे, आजारपणं, शाळेतली पोरं. त्यांच्या ग्रंथाचे पाच खंड १९६७ ते १९८८ या काळात निघाले. पाचवा त्यांच्या मृत्यूनंतर. आणि सहावा खंड नुसत्या सूचीचा! त्यांनी हातानं केलेली टिपण-कार्डं २६ हजारांवर आहेत. रोज दोन कार्डं लिहिली, एकही सुट्टी घेतली नाही, तरी ३५ वर्षं लागावीत एवढी.

त्या कार्डांतले दोन आकडे मला झोपू देत नाहीत. पहिला: बेताच्या परिस्थितीतल्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च २ दिनार. दुसरा: समुद्रावर चाच्यांनी धरलेला माणूस सोडवून आणायची ठरलेली किंमत ३३ पूर्णांक एक तृतीयांश दिनार, म्हणजे तीन माणसांना शंभर. हा असा विचित्र अपूर्णांक का, ते आता कळलं ना? दिनार म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम सोनं. दहा ग्रॅम सोन्याला एक लाख रुपये धरू. घरखर्च महिन्याला ८५ हजार. एका कैद्याची सुटका सुमारे १४ लाख. कुटुंबाचं जवळजवळ १७ महिन्यांचं पोट! आणि हे पैसे कोण भरायचं? ओळख ना पाळख अशी माणसं वर्गणी काढायची. त्या वर्गणीच्या याद्या त्या खोलीत पडल्या आहेत. कुणी किती दिलं, नावानिशी.

आणि त्याच खोलीत आपला किनारा आहे! हो, आपला पश्चिम किनारा. अब्राहम बेन यिजू नावाचा व्यापारी, मूळचा ट्युनिशियातल्या महदियाचा, ११३२ साली मंगळूरला होता. तिथे त्यानं पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवला. मिरी, वेलची, लोखंड, पितळ इथून जायचं. आणि इथे यायचं काय, तर साखर, मनुका आणि कागद! एडनचे मित्र त्याला लिहायला कोरे कागद पाठवायचे. १७ ऑक्टोबर ११३२ या दिवशी त्यानं आशू नावाच्या दासीला मुक्त केलं, त्याचा लेख उरला आहे. मंगळुरात केलेला दस्तऐवज, कैरोच्या खोलीतून निघालेला, आज अभ्यासकांच्या हातात! सुमारे सतरा वर्षांनी तो माणूस एडनला परतला आणि आपले कागद बरोबर घेऊन गेला. मंगळूर ते एडन, एडन ते कैरो. नकाशावर पट्टी ठेवून सरळ मोजलं तर ५,६०० किलोमीटर. मुंबई-पुणे २९ वेळा! आणि गलबत कधी पट्टी ठेवून चालत नाही. वाऱ्याची वाट बघत, बंदरं घेत चालतं.

याच वाटेवर निघालेल्या आणखी एका माणसाचं पत्र त्या खोलीत मिळालं आहे. ज्यू परंपरेतला सर्वांत मोठा तत्त्वज्ञ मैमोनिदीस, तो फुस्तातमध्येच राहायचा. त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारी होता, थोरल्याचा अभ्यास त्याच्या कमाईवर चालायचा. तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून डेव्हिडनं थोरल्याला पत्र लिहिलं: मी हिंदुस्थानला निघालोय, काळजी करू नका, अशा अर्थाचं. डेव्हिड समुद्रात बुडाला. पत्र पोचलं, टिकलं, आठशे वर्षांहून जास्त टिकलं. चार लाखांतला एक तुकडा. आकडे मोजता मोजता इथे आलो की माझं बोट थांबतं.

पण थांबून चालणार नाही, कारण सगळ्यात मोठा आकडा अजून यायचा आहे!

बहुतेक पानं फाटलेली आहेत. एका पत्राचा वरचा अर्धा एका शहरात, खालचा दुसऱ्या शहरात. जुळवायचे आहेत. कसे जुळवणार? प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्याशेजारी धरून बघायचा. ऐकायला सोपं आहे, हो ना? मग एका लग्नाला चला. हॉलमध्ये ५०० पाहुणे आहेत आणि प्रत्येकानं प्रत्येकाला एकदा रामराम करायचा आहे. किती रामराम होतील? हजार? पाच हजार? नाही! १,२४,७५०. माणसं पाचशे आणि रामराम सव्वा लाख! पाहुणे दुप्पट केले तर रामराम चौपट होतात, दहापट केले तर शंभरपट. जोड्यांचा हिशोब असा अंगावर धावून येतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. १९१९ ला पायाभरणी, १९६६ ला शेवटचा खंड, आणि त्यासाठी पडताळलेली हस्तलिखितं १,२५९. मराठी माणसानं अभिमानानं सांगावं असं काम. त्या १,२५९ पोथ्यांतली प्रत्येक प्रत्येकीशी एकदा शेजारी ठेवायची म्हटलं तर जोड्या होतात ७ लाख ९१ हजार ९११. हा आकडा लक्षात ठेवा.

२०१३ च्या मे महिन्यात तेल अवीव विद्यापीठाच्या तळघरात शंभरावर संगणक एकमेकांना जोडले गेले. त्यांच्या पुढ्यात ठेवले गेनिझाच्या १,५७,५१४ तुकड्यांचे फोटो. प्रत्येक तुकड्याच्या ५०० खुणा: अक्षराचं वळण, ओळींमधलं अंतर, समास, कडा. नुसत्या खुणाच ७ कोटी ८७ लाखांवर! आणि संगणकांना काम काय, तर प्रत्येक तुकडा प्रत्येकाशी ताडून पाहा. जोड्या किती?

बाराशे चाळीस कोटी, बावन्न लाख, एक्कावन्न हजार, तीनशे एक्केचाळीस!

१२,४०,५२,५१,३४१. श्वास घ्या. भांडारकरांच्या जोड्यांच्या १५ हजार पटींहून जास्त. माणसानं हे केलं असतं तर? सेकंदाला एक जोडी. जेवण नाही, झोप नाही, पापणी मिटायची नाही. ३९३ वर्षं! २०१३ ला काम संपवायचं तर १६२० ला बसायला हवं होतं, शिवनेरीवर पाळणा हलला त्याच्या दहा वर्षं आधी. शिवरायांचा जन्म, राज्याभिषेक, पानिपत, १८५७, स्वातंत्र्य, सगळं होऊन जातंय आणि हा माणूस मान वर न करता दोन कागद शेजारी धरतोय, बाजूला ठेवतोय, पुढचे दोन उचलतोय. बरं, माणसासारखं दिवसाला आठ तास काम करू दिलं तर? मग लागतात १,१७९ वर्षं. इ.स. ८३४! तेव्हा मान्यखेटला राष्ट्रकूटांचा अमोघवर्ष गादीवर होता.

संगणकांना किती दिवस लागतील असा अंदाज होता, माहीत आहे? १६ मे ते २५ जून. चाळीस दिवस! उन्हाळ्याची सुट्टीसुद्धा यापेक्षा मोठी असते. म्हणजे सेकंदाला साडेतीन हजार जोड्या. तुम्ही एक टाळी वाजवलीत, तेवढ्यात साडेतीन हजार वेळा दोन कागद शेजारी धरून बघितले गेले.

आणि हे फक्त दीड लाखांचं. खोलीतले सगळे चार लाख घेतले तर? तुकडे अडीच पट, पण जोड्या साडेसहा पट! ८,००० कोटी. सेकंदाला एक, न झोपता, २,५३५ वर्षं. २०१३ पासून मागे मोजत गेलो तर आपण कुठे पोचतो? इ.स.पूर्व ५२० च्या आसपास. जेरुसलेममध्ये ज्यूंचं दुसरं मंदिर बांधलं जात होतं तेव्हा! त्या मंदिराचा दगड बसवणाऱ्या गवंड्याशेजारी आपला माणूस बसला असता, तर तो कुठे २०१३ ला उठला असता. आणि आठ तासांच्या पाळीनं? ७,६०५ वर्षं! ज्यू पंचांग जगाच्या उत्पत्तीपासून वर्षं मोजतं, आणि ती उत्पत्ती येते इ.स.पूर्व ३७६१ ला. आठ तासांची पाळी करणाऱ्या माणसाला मात्र त्याच्याही १,८०० वर्षं आधी कामाला बसावं लागेल. जगच निर्माण व्हायच्या अठराशे वर्षं आधी! त्या खोलीतले कागद एकमेकांशी पडताळून पाहायला, ज्यांनी ते टाकले त्यांच्या जगाचं अख्खं वयही पुरत नाही.

आणि हे सगळं कशातून आलं? रोजच्या सव्वा कागदातून.

आता एकच जोडी घ्या. आठ हजार कोटींतली एक. वरचा तुकडा केंब्रिजला, खालचा न्यूयॉर्कला. दोन ग्रंथालयांत, दोन खोक्यांत, दोन क्रमांकांखाली, शंभराहून जास्त वर्षं. एके दिवशी पडद्यावर दोन्ही शेजारी येतात. फाटलेली कड कडेला बसते. वरच्या ओळीत अर्धं राहिलेलं अक्षर खालच्या तुकड्यात पुरं होतं. मध्ये अंतर किती होतं म्हणता? केंब्रिज ते न्यूयॉर्क ५,५६० किलोमीटर. मुंबई-पुणे २९ वेळा. बेन यिजूचे कागद मंगळूरहून कैरोला गेले होते, जवळजवळ तेवढंच.